आबासाहेबांच्या मागावर

शुक्रवारी सकाळी पावणेसातला फोन वाजला तेव्हा विभावरी चहात आलं किसून टाकत होती. बाहेर धुकं इतकं दाट पडलं होतं, की समोरच्या घराचं फाटकसुद्धा दिसत नव्हतं. जानेवारीत कतारमधल्या अल खोरला असं धुकं दोन-चारदा तरी पडायचंच. गिरीश पहाटेच्या बसने रास लफानच्या गॅस प्रकल्पावर शिफ्टला गेला होता. पोचल्याचा त्याचाच फोन असणार, म्हणून तिने खांद्याने रिसीव्हर कानाशी धरला.

"बाई, आबासाहेब पळाले!"

आवाज कासमभाईचा होता. विभावरीच्या हातातलं आलं ओट्यावर पडलं.

कासमभाई मूळचा दापोलीकडचा. बावीस वर्षं तो बू सालेम नावाच्या एका म्हाताऱ्या कतरी व्यापाऱ्याच्या मजऱ्यावर, म्हणजे वाळवंटातल्या शेतमळ्यावर, मुकादम होता. त्याची आणि विभावरीची ओळख अल खोरच्या मासळीधक्क्यावर झाली. विभावरी सुरमईचा भाव मराठीतून मनाशी पुटपुटत होती आणि मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, ही नका घेव, कालची हाय." त्या दिवसापासून ओळख वाढली. मजऱ्यावर खजूर आणि चारा होताच, पण बू सालेमला जनावरांचा भारी शौक. शहामृगं, अरबी हरणं आणि आफ्रिकेतून आणलेला एक कुडू. कुडू म्हणजे घोड्याएवढं हरीण. अंगावर पांढरे पट्टे, हनुवटीखाली लांब दाढी आणि डोक्यावर मळसूत्रासारखी पिळाची शिंगं, हातभर नव्हे, चांगली पुरुषभर. तो चालायचा असा, की जणू गावात कोणी मोठा माणूस पाहणीला आला आहे. म्हणून कासमभाईने त्याचं नाव आबासाहेब ठेवलं होतं.

"पळाले म्हणजे कसे?"

"पाण्याचा टँकर धुक्यात कुंपणावर चढला. जाळी आडवी झाली. हे त्यावरून शांत चालत बाहेर गेले, बाई! मी बघतोय आणि ते जातायत. मजऱ्याचा डॉक्टर इद्रीस सुट्टीवर खार्तूमला. दोहात दुसरा डॉक्टर फोन उचलत नाय. तुमी वाघ पकडलेत ना? म्हणालेलात."

"वाघ नाही, बिबटे."

"तेच ते. मी गाडी घेऊन निघालोय."

विभावरी नाशिकची. मुंबईला जनावरांच्या डॉक्टरीची पदवी घेऊन पाच वर्षं तिने वनखात्यात काढली होती. निफाडच्या उसात शिरलेले सात बिबटे तिने गुंगीचं इंजेक्शन मारून पकडले होते. त्यातला एक तर विहिरीत उतरून. मग गिरीशला इथली नोकरी लागली. कुटुंबाच्या व्हिसावर आलेल्या बायकांना काम करता येत नसे. चार वर्षं ती शेजाऱ्यांच्या मांजरांना जंताचं औषध देत होती आणि एका मद्रासी बाईंच्या पोपटाची नखं कापत होती.

तिने जुनी पँट चढवली. बूट मात्र नव्हते. सँडल घालून वाळवंटात जाणं वेडेपणाचं. तेव्हा दारामागचे गिरीशचे जुने सेफ्टी शूज दोन-दोन मोज्यांवर घातले आणि ती बाहेर पडली. गाडीत बसल्यावर तिने गिरीशला फोन लावला.

"कुडू म्हणजे नक्की काय?" तो म्हणाला.

"मोठं हरीण. अडीचशे किलोचं."

"आणि तू ते पकडणार?"

"बघते."

मग गिरीश म्हणाला, "माझे बूट घातलेस ना? डाव्याची लेस तुटकी आहे. नीट बांध."

मजऱ्यावर बू सालेम फाटकातच खुर्ची टाकून बसला होता. पंच्याहत्तरीचा म्हातारा, हातात काठी, गळ्यात दुर्बीण. दुर्बिणीचा त्याला काही उपयोग नव्हता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू इतका वाढला होता, की समोरचा माणूस त्याला आवाजावरून कळे. पण तरुणपणी तो दर दोन वर्षांनी केनियात शिकारीला जात असे. ती दुर्बीण तेव्हाची. शिकार म्हटली की दुर्बीण गळ्यात असलीच पाहिजे, असं त्याचं म्हणणं. तरुणपणी त्याने मुंबईच्या गोदीत खजुराचा व्यापारही केला होता. त्यामुळे हिंदी यायचं, मोडकं पण ठसक्यात.

"बाई आहे?" त्याने कासमला विचारलं.

"डॉक्टर आहे, अरबाब." मालकाला तो अरबाब म्हणे.

"मी विचारलं ते वेगळं होतं." मग विभावरीच्या आवाजाच्या दिशेला तोंड करून तो म्हणाला, "तुम्ही शिकार केली आहे?"

"केली आहे," ती म्हणाली. "पण माझी सगळी सावजं जिवंत घरी गेली."

म्हातारा पोट धरून हसला आणि त्याने कंबरेच्या किल्ल्यांचा जुडगा काढून तिच्या हातात दिला.

औषधाच्या कपाटात हवेच्या दाबावर चालणारी बंदूक होती आणि सिरिंजसारखे डार्ट होते. चार वर्षांनी तो लाकडी दस्ता हातात घेतला तेव्हा विभावरीला वाटलं होतं तसा सराव मोडलेला नव्हता. बोटं आपोआप खटक्यावर आणि दाबाच्या काट्यावर गेली. मात्र औषधाचं प्रमाण तिला ठाऊक नव्हतं. तिने खार्तूमला फोन लावला. डॉक्टर इद्रीस मुलीच्या लग्नाच्या गडबडीत होता, मागे बायका गात होत्या. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"आधी काय पकडलं आहे?"

"बिबटे."

"कुडू सोपा. तो तुम्हाला खाणार नाही," इद्रीस म्हणाला. "पण कुडू मरतो लवकर. पळवलंत की अंग तापतं, स्नायू जळतात आणि मग औषध देऊन काही उपयोग नसतो. पळवू नका. कुणालाही पळवू देऊ नका." मग त्याने प्रमाण सांगितलं, तिने ते परत म्हणून दाखवलं, आणि उताऱ्याचं इंजेक्शन वेगळ्या खिशात ठेवा, असं त्याने तीनदा बजावलं.

मजऱ्यापासून सहा किलोमीटरवर उत्तरेकडे जाणारा शमालचा मोठा रस्ता होता. धुकं उठलं की शुक्रवारची गर्दी सुरू होणार. कुडू त्या रस्त्यावर चढला तर एखाद्या गाडीचा आणि त्याचा, दोघांचाही निकाल लागणार होता. त्यामुळे घाई होती आणि घाई करायचीही नव्हती.

बू सालेम पुढच्या सीटवर बसला. "तुम्ही घरी थांबा" असं त्याला सांगायची कुणाची छाती नव्हती. कुंपणापासून ठसे निघाले होते. शंभर पावलांवर म्हाताऱ्याने गाडी थांबवली.

"कासम, खूर किती उमटलाय?"

"बोटभर, अरबाब."

"पुढच्याच्या ठशात मागचा पडलाय?"

कासम वाकला. "बरोब्बर आत."

"म्हणजे चालतोय. पळत नाही. लीद दिसते?"

"लेंड्या हायत."

"हात लाव."

कासमभाईने विभावरीकडे पाहिलं. "बाई, तुमी लावा. तुमचा धंदा हाय तो."

विभावरीने लेंडी बोटांत फोडली. वरून दवाने गार, आतून कोमट. म्हाताऱ्याने मान डोलावली. "अर्ध्या तासापूर्वी इथे होता. आता ऐका. हे जनावर झाडीतलं. उघड्यावर त्याला चैन पडत नाही. वाट फुटेल तिकडे तो जाणार नाही, झाडं शोधेल. जवळची रोधा कुठली?"

रोधा म्हणजे वाळवंटातला खोलगट भाग. पावसाचं पाणी तिथे साचतं आणि बोरी-बाभळी वाढतात. सर्वांत जवळची रोधा वायव्येला तीन किलोमीटरवर होती. "यल्ला, चला," म्हातारा म्हणाला आणि त्याने काठीने डॅशबोर्डवर एक ठोका दिला.

पुढे जमीन खडकाळ झाली आणि ठसे हरवले. पण वाटेत उंटांचा एक गोठा लागला. तिथला राखण्या जहूर, सिंधकडचा माणूस, पत्र्याच्या खोलीचं दार आतून लावून बसला होता. कासमने हाका मारल्यावर त्याने फटीतून डोळा लावला.

"गेला का?"

"कोण?"

"जिन! डोक्यावर दोन वळलेल्या तलवारी. एवढी दाढी. धुक्यातून आला, माझ्या उंटांच्या हौदातलं पाणी प्यायला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी कलमा पढलो तर निघून गेला."

"चांगला शिकलेला जिन होता," कासमभाई गंभीरपणे म्हणाला. "कुठल्या बाजूला गेला?"

जहूरने रोधेकडे बोट केलं. बू सालेम गाडीत बसूनच म्हणाला, "बघा!" आणि त्याचा चेहरा असा फुलला, की विभावरीला पहिल्यांदाच त्याच्यात तो तरुण शिकारी दिसला.

नऊच्या सुमाराला धुकं पातळ झालं आणि रोधा दिसू लागली. वीस-पंचवीस बोरींचं बेट, मध्ये हिरवट गवत. आणि बेटाच्या पलीकडे दोन लँड क्रूझर भरधाव गोल फिरत होत्या. शुक्रवारच्या सुट्टीला निघालेली चार तरुण पोरं. त्यांना आबासाहेब दिसले होते. एक जण खिडकीतून अर्धा बाहेर येऊन कॅमेऱ्याने चित्रण करत होता, दुसरा हॉर्न दाबत होता आणि आबासाहेब झाडांतून एका टोकाला पळत होते, वळत होते, पुन्हा दुसऱ्या टोकाला.

"पळवतायत!" विभावरी ओरडली. "कासमभाई, थांबवा त्यांना, तो मरेल!"

कासमने गाडी पुढे घातली, पण ती पुरती थांबायच्या आत बू सालेमने दार उघडलं होतं. म्हातारा खाली उतरला आणि काठी टेकत सरळ त्या गाड्यांच्या वाटेत जाऊन उभा राहिला. त्याला गाड्या दिसत नव्हत्या, फक्त आवाज ऐकू येत होता. आवाज मोठा झाला तसा त्याने काठी आडवी धरली. पहिल्या गाडीने करकचून ब्रेक लावला. ती त्याच्यापासून दहा हातांवर थांबली आणि धुळीचा लोट म्हाताऱ्याच्या अंगावरून गेला.

मग तो जे अरबीत बोलला ते विभावरीला कळलं नाही. कासमभाईने भाषांतर केलं नाही. "तसला शब्द बायांना सांगायचा नसतो," एवढंच तो म्हणाला. चारही पोरं खाली उतरली, एकेकाने येऊन म्हाताऱ्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि खालमानेने उभी राहिली. त्यातल्या एकाचे आजोबा बू सालेमबरोबर शिकारीला जायचे, असंही निघालं. पाच मिनिटांत म्हाताऱ्याने त्यांना कामाला जुंपलं. त्यांच्या दोन्ही गाड्या रोधेच्या आणि मोठ्या रस्त्याच्या मध्ये आडव्या लावल्या, इंजिनं बंद केली आणि कुणीही तोंडातून ब्र काढायचा नाही, असा हुकूम सोडला.

"आता त्याला थंड होऊ द्या," विभावरी म्हणाली.

अर्धा तास सगळे बसून राहिले. आबासाहेब बोरींच्या मधोमध उभे होते. लांबून त्यांच्या बरगड्या वरखाली होताना दिसत होत्या. हळूहळू त्या संथ झाल्या. त्यांनी एक फांदी ओढून चार पानं खाल्ली तेव्हा विभावरीने श्वास सोडला.

पण जवळ जायचं कसं? डार्ट नेमका बसायला तीस-पस्तीस पावलांवर पोचायला हवं होतं. तिने दोनदा प्रयत्न केला. ऐंशी पावलांवरच आबासाहेब कान टवकारायचे आणि चार उड्या लांब जायचे. तिसऱ्यांदा ते उघड्यावर जायला निघाले, तेव्हा ती मागे परतली.

"माणूस बघून घाबरतोय," ती म्हणाली. "एरवी तो कुणाला घाबरत नाही?"

"उंटांना," कासमभाई म्हणाला. "मजऱ्यावर शेजारीच बांधतो. दोघं एकाच गव्हाणीत तोंड घालतात."

म्हाताऱ्याने लगेच जहूरच्या गोठ्याच्या दिशेला काठी उचलली.

वीस मिनिटांनी जहूर तीन उंटिणी घेऊन आला. तो अजूनही जिनाबद्दल पुटपुटत होता, पण आता त्याला तमाशा बघायचा होता. मधल्या उंटिणीच्या पोटाआड विभावरी चालू लागली. एका हातात बंदूक, दुसरा हात उंटिणीच्या केसाळ अंगावर. उंटिणी मन मानेल तेव्हा थांबायच्या, गवताचा घास घ्यायच्या, पुन्हा हलायच्या. त्या थांबल्या की तीही थांबे. गिरीशचा डावा बूट दर दहा पावलांनी टाचेतून निसटत होता. उंटिणीच्या अंगाला आंबट वास येत होता. वारा समोरून होता. विभावरीच्या लक्षात आलं, की आपण मनाशी हसतो आहोत. उसाच्या फडात बिबट्यासमोर असताना तिला असं हसू कधी आलं नव्हतं. तेव्हा वय लहान होतं आणि प्रत्येक वेळी वरिष्ठांसमोर काहीतरी सिद्ध करायचं असायचं. इथे समोर फक्त एक दाढीवाला कुडू होता आणि त्याला सुखरूप घरी न्यायचं होतं.

चाळीस पावलं. उंटिणीच्या मानेखालून तिने नेम धरला. पहिला डार्ट हवेचा दाब कमी पडल्याने अलीकडेच गवतात पडला. आबासाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, नाकाने फुर्र केलं आणि पुन्हा पानं चघळू लागले. विभावरीने श्वास रोखून दुसरा डार्ट भरला, दाबाचा काटा वर नेला. जहूर हलक्या आवाजात उंटिणीला लाडीगोडी लावत होता. पस्तीस पावलं. आबासाहेब कडेला वळले, मागची मांडी समोर आली. 'फट्' असा एवढासा आवाज झाला आणि मांडीवर डार्टचा लाल गोंडा दिसला. आबासाहेब एकदा उसळले, दहा पावलं गेले आणि काही झालंच नाही असे उभे राहिले.

"कुणी हलू नका," तिने हाताने खूण केली.

तीन मिनिटं. पाच. आठव्या मिनिटाला ते मान खाली घालून झुलू लागले. दहाव्याला पुढचे पाय दुमडले आणि सगळं ते भारदस्त शरीर अलगद खाली बसलं. तेव्हा मात्र विभावरी धावली. एक बूट मागे राहिला, तरी ती थांबली नाही. डोळ्यांवर पट्टी हवी होती. कासमचा हात धरून म्हातारा पोचला होता. त्याने डोक्यावरचा पांढरा रुमाल काढून तिच्या हातात दिला. तिने आबासाहेबांचे डोळे झाकले, मान उंच धरायला एका पोराला बसवलं आणि थर्मामीटर लावला.

एक्केचाळीसच्या वर एक काडी.

"पाणी! जेवढं असेल तेवढं."

पोरांच्या गाड्यांत शीतपेटीतलं पाणी होतं, जहूरच्या गोठ्यावर हौद होता. चौघं पोरं डबे घेऊन पळाली. मघाशी हॉर्न वाजवणारा पोरगा सगळ्यांत जास्त पळत होता. विभावरी पोटाखाली, मांड्यांमध्ये, मानेवर पाणी ओतत राहिली आणि दर पाच मिनिटांनी आकडा मोठ्याने सांगत राहिली. एक्केचाळीस. चाळीस पूर्णांक सहा. चाळीस. प्रत्येक आकड्याला पोरं "अल्हम्दुलिल्ला" म्हणत होती.

बू सालेम आबासाहेबांच्या मानेजवळ गुडघ्यावर बसला. त्याने हात पुढे केला, शिंग चाचपलं, पिळांवरून बोटं फिरवत टोकापर्यंत नेली. मग मानेवर हात ठेवला आणि तसाच ठेवला.

"अकरा मारले मी असे," तो हिंदीत म्हणाला. बोलणं विभावरीसाठी होतं. "प्रत्येकाच्या मानेवर हात ठेवून फोटो काढला. एकही असा हाताला गरम लागला नव्हता." थोड्या वेळाने तो म्हणाला, "याचं रक्त धावतंय. हाताला कळतं."

विभावरीने त्याचा हात उचलून थोडा वर, जबड्याच्या आतल्या बाजूला ठेवला. तिथे नाडी ठळक लागत होती. म्हातारा ती मोजत बसला, ओठ हलवत.

दुपारच्या आत आठ जणांनी ताडपत्रीवर घालून आबासाहेबांना पिकअपमध्ये चढवलं. कासमभाईने आयुष्यात चालवली नसेल इतकी हळू गाडी चालवली. मागे विभावरी शिंगं धरून बसली होती, एका पायात बूट, एका पायात दोन मोजे. टँकरवाल्याने लाजेकाजेने एव्हाना जाळी उभी केली होती. छोट्या वाड्यात उतरवून तिने उताऱ्याचं इंजेक्शन दिलं, डोळ्यांवरचा रुमाल ओढून काढला आणि कुंपणाबाहेर उडी मारली. दोन मिनिटांनी एक कान हलला. मग आबासाहेब उठले, अंग झटकलं, जमलेल्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि सावकाश चालत गव्हाणीकडे गेले.

"बघा," कासमभाई म्हणाला. "जसं आपणच मजऱ्याबाहेर होतो आणि हे वाट बघत होते."

पुरुष माणसं नमाजाला गेली. विभावरी पंपाच्या कट्ट्यावर पाय पाण्यात सोडून बसली आणि तिने खार्तूमला फोन लावला. डॉक्टर इद्रीसने अभिनंदन वगैरे काही केलं नाही. "सर्वांत जास्त तापमान किती? खाली यायला किती वेळ लागला? नाडी? डार्ट कुठे बसला?" तो विचारत राहिला, ती सांगत राहिली. शेवटी तो म्हणाला, "तीन दिवस लघवीचा रंग बघा, डॉक्टर. काळपट झाला तर लगेच मला कळवा." बऱ्याच दिवसांनी तिला कोणी नुसतं 'डॉक्टर' म्हणालं होतं.

नमाजानंतर मोठ्या परातीत भात आणि मासळी आली. सिंधचा जहूर, दापोलीचा कासम, चार कतरी पोरं आणि खुर्चीवर बू सालेम. विभावरीचं ताट वेगळं, सर्वांत मोठी तुकडी तिच्या पानात. जेवता जेवता म्हातारा म्हणाला, "इद्रीस एकटा पडतो. आठवड्यातले तीन दिवस या. व्हिसाची कागदपत्रं माझा माणूस करेल. नवऱ्याला विचारायचं असेल तर विचारा."

"विचारायचं नाही, सांगायचं आहे," विभावरी म्हणाली.

कागदपत्रं व्हायला मे महिना उजाडला. तोवर ती पाहुणी म्हणूनच येत राहिली. आबासाहेबांच्या लघवीचा रंग तीनही दिवस स्वच्छ होता. जहूरच्या एका उंटिणीला खोकला झाला तेव्हा तो तिला घेऊन चालत मजऱ्यावर आला, फी म्हणून दुधाचा डबा घेऊन. आणि गिरीशला त्याचा डावा बूट परत मिळाला नाही. तो रोधेत नेमका कुठे पडला, ते शोधायला सगळे पुढच्या शुक्रवारी डबे भरून गेले, बू सालेम दुर्बीण घेऊन. बूट सापडला नाही, पण बोरं पिकली होती, आणि संध्याकाळपर्यंत कोणी घरी जायचं नाव काढलं नाही.